क्लासिक्सच्या पदवीला आधी ग्रीक की लॅटिन?

इंग्लंडात क्लासिक्स, म्हणजे प्राचीन ग्रीक आणि लॅटिन भाषा-साहित्य, शिकायला आलेल्या, पण शाळेत यातली एकही भाषा न झालेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच विचारतात, कशापासून सुरू करणार? दुसरी भाषा पुढे घेता येते. पण जी आधी घ्याल तिलाच जास्त वर्षं मिळतात. मी लॅटिनने सुरुवात केली, दुसऱ्या वर्षी ग्रीक घेतली आणि शेवटच्या वर्षी ग्रीकच ठेवली. दहावीपर्यंत का होईना, संस्कृत झालेल्या मराठी मुलामुलींना समोर ठेवून हे लिहितोय.

लॅटिन लवकर हाती लागते, यात वाद नाही. लिपी ओळखीची, नामांचे पाच गट, क्रियापदांचे चार, आणि इंग्रजीमुळे कितीतरी शब्द ऐकलेले वाटतात. आपली चावी आणि आपला पाव हेही पोर्तुगीजांमार्फत तिथूनच आले, क्लाविस आणि पानिस. दोन सत्रांत मी सीझरचे सोपे उतारे वाचत होतो. ग्रीकमध्ये तेवढ्याच काळानंतर मी अजून क्रियापदांचे तक्ते घोकत होतो.

मला नडलं ते वेगळंच. लॅटिनमध्ये ह्रस्व-दीर्घाने अर्थ बदलतो आणि छापताना ते दाखवत नाहीत. लिबेर म्हणजे पुस्तक, लीबेर म्हणजे मुक्त. मलुम म्हणजे वाईट गोष्ट, मालुम म्हणजे सफरचंद. रोमन अक्षरांत या जोड्या हुबेहूब सारख्या दिसतात. पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते. मूळ ग्रंथांच्या नेहमीच्या आवृत्त्या हातात आल्या की ती जाते. खुद्द रोमन लोक शिलालेखांत कधीकधी दीर्घ स्वरावर तिरकी खूण करत, म्हणजे गरज त्यांनाही वाटत होती.

एकदा वर्गात फळ्यावर चार शब्द होते, 'माग्ना कूरा एपिस्तुलम् लेगित'. मोठ्या काळजीने पत्र वाचलं, एवढाच अर्थ. पण पहिल्या दोन शब्दांचा शेवटचा स्वर ह्रस्व धरला तर काळजीच कर्ता होऊन बसते. दीर्घ धरला तर आपल्या तृतीयेचा अर्थ मिळतो. 'लेगित'मधला ए ह्रस्व असेल तर 'वाचतो', दीर्घ असेल तर 'वाचलं'. कवितेत निदान छंद मदतीला येतो, लघु-गुरू मोजले की उलगडा होतो. गद्यात सगळी भिस्त संदर्भावर. सरावाने हे अंगवळणी पडतं असं चांगले जाणकार सांगतात, आणि ते खरंही असेल. पण लहानपणापासून 'दिन' आणि 'दीन' वेगळे लिहिण्याची सवय असलेल्या मला तीन वर्षांत ते पडलं नाही.

ग्रीकची लिपी 24 अक्षरांची. मला दहा दिवस लागले. तिथे ह्रस्व ए आणि ओ यांना एक अक्षर, दीर्घांना दुसरं. आ, इ, उ यांचं ह्रस्व-दीर्घ तिथेही दिसत नाही, हे मान्य. पण ग्रीकमध्ये तृतीयेचं काम चतुर्थी करते, आणि तिच्या दीर्घ आ-खाली बारीकसं योटा हे अक्षर लिहितात, त्यामुळे लॅटिनमध्ये नेमका जिथे अडायचो तिथे ग्रीकमध्ये अडलो नाही. थ, फ, ख हे उच्चार तर आपल्याला घरचेच.

ग्रीकमध्ये कष्ट आहेत ते क्रियापदांत. एकेका क्रियापदाची सहा मूळ रूपं पाठ करावी लागतात, आणि ती नेहमी एका धातूची नसतात. 'वाहून नेणे' हे फेरो, ओइसो, एनेंका असं चालतं, आपल्या 'जातो'चं 'गेला' होतं तसं. कोशात मात्र फेरोखालीच बघायचं, हे आधी ठाऊक हवं. पण संस्कृत झालेलं असेल तर पानोपानी ओळख निघते. फेरो म्हणजे भरामि. भूतकाळात आरंभी 'ए' लागतो, अभरम्‌च्या 'अ'सारखा. आत्मनेपद आहे, द्विवचन आहे. आणि 'मला माहीत आहे' या अर्थाचं 'ओइदा' हे आरंभीचा व झडलेलं वैदिक 'वेद'च. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या संध्याकाळी मी दुसरं काही वाचू शकलो नाही.

इवल्याशा निपातांचंही, म्हणजे आपल्या 'च', 'तरी' यांसारख्या अव्ययांचंही, तसंच. 'एगोगे' याचं इंग्रजी करताना वर्गात बरीच खटपट चालायची. माझ्या वहीत 'मी तरी' एवढंच लिहिलेलं आहे.

मध्ययुगाचा अभ्यास, चर्चची दफ्तरं, रोमन कायदा किंवा गोव्यातल्या जेझुइटांची लॅटिन पत्रं डोळ्यांसमोर असतील तर लॅटिनला पर्याय नाही. हाताशी एकच वर्ष असेल तरी लॅटिनच बरी. तीन-चार वर्षं असतील आणि संस्कृतची शब्दरूपं अजून थोडीफार आठवत असतील, तर मी ग्रीकने सुरू करा म्हणेन.

लॅटिन आधी घेतलीच, तर पाठ्यपुस्तक संपल्यावरही रेघा सोडू नका. कोशात शब्द बघितला की दीर्घ स्वरावर आपल्या प्रतीत पेन्सिलने रेघ ओढून ठेवा. मी ते दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर सुरू केलं, आणि त्याआधीची पानं आजही मला अडखळतच वाचावी लागतात.