मालदांडीची कडबा कुट्टी: पोतं उघडून पाला बघा, मगच पैसे द्या

सोलापुरात होटगी रोडच्या एका चारा दुकानात मालदांडी या ज्वारीच्या वाणाच्या कडब्याची कुट्टी पोत्यात मिळते. माल कोरडा, वास गोडसर, बुरशी नाही, तुकडा 2 ते 3 सेंटिमीटरचा, म्हणजे हवा तसाच. तरी पाचपैकी तीनच तारे. दोन कापले ते पाल्यासाठी.

मूठभर कुट्टी पाटीत पसरली की नुसत्या दांड्याच्या चकत्या दिसतात. वाळलेल्या पाल्याचा चुरा होऊन तो कुट्टी करतानाच उडून जातो. आणि पचायला हलका असतो तो पालाच, कारण त्यात लिग्निन, म्हणजे दांड्याला टणक करणारं न पचणारं द्रव्य, कमी.

दांड्याचं पेर लांबायचं थांबलं की पेशीभित्तिकेला आतून दुसरा जाड थर चढतो आणि भित्तिकेत लिग्निन भरतं. फेनिलॲलनिन या अमिनो आम्लापासून (गवतवर्गात टायरोसिनपासूनही) पेशी मोनोलिग्नॉल, म्हणजे लिग्निनचे सुटे घटक, बनवते. ती भित्तिकेत उतरतात, तिथे पेरॉक्सिडेज आणि लॅकेज ही विकरं त्यांचं ऑक्सिडीकरण करतात आणि ती एकमेकांना जुळत जातात. ज्वारी, ऊस, गहू यांत आणखी एक पक्का टाका असतो: फेरुलिक आम्ल एका अंगाने झायलन या भित्तिकेतल्या शर्करांच्या साखळीला, दुसऱ्या अंगाने लिग्निनला जोडलेलं. मग सेल्युलोज हे पचण्याजोगं द्रव्य भरपूर असूनही गाईच्या पोटातल्या जिवाणूंना तिथवर पोचता येत नाही. चकती हातात घेऊन बघा: कडेची साल आणि गरातले धाग्यांचे ठिपके टणक, मधला गर मऊ. बुडख्याची पेरं सगळ्यात जुनी, म्हणून सगळ्यात चिवट.

'बारीक कुट्टी म्हणजे पचायला सोपी' हे दुकानातलं सांगणं चूक आहे. विळ्याने लिग्निन तुटत नाही. कुट्टीने वाया जाणं थांबतं, एवढंच. उलट भुगा केला तर रवंथ कमी होतो आणि दुधाची फॅट उतरते.

असा दांडेरी माल घेतलाच असेल तर युरिया प्रक्रिया करा. 100 किलो कुट्टीला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. खडा राहिला तर विषबाधेचा धोका. थरावर थर शिंपडून तुडवा, प्लॅस्टिकने हवाबंद करून 21 दिवस ठेवा. युरियापासून तयार होणारा अमोनिया फेरुलिकचे टाके उसवतो. लिग्निन बरंचसं तसंच राहतं, पण वाट मोकळी होते. प्लॅस्टिक फाटलं की अमोनिया उडतो आणि बुरशी धरते. खाऊ घालण्याआधी उग्र वास जाईपर्यंत पसरून ठेवा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना देऊ नका.

याच दुकानात अख्ख्या पेंढ्याही आहेत. त्या पाल्यासकट घेऊन घरी कुट्टी करा, मशीनच्या तोंडाला ताडपत्री बांधून.