पक्ष्यांचं जपानी प्रिंट: हाताने छापलेलं की डिजिटल?

मैत्रीण अडकलीये, बगळ्याचं मोकुहांगा (लाकडी ठोकळ्यांनी हाताने छापलेलं जपानी चित्र) घ्यायचं की त्याचंच डिजिटल प्रिंट. किमतीत डिजिटल कितीतरी स्वस्त, तिथे वादच नाही. पण हाताने छापलेलं जवळून बघा ना, जवळजवळ प्रत्येक रंगाला वेगळा लाकडी ठोकळा, ओलसर वाशी या जपानी कागदावर बारेनने (हातात धरायच्या गोल चकतीने) घासून रंग पार आत मुरवलेला, आणि पांढऱ्या पिसांवर कधीकधी शाईच नसते, नुसता दाबून उठाव आणलेला असतो, त्याला काराझुरी म्हणतात, ते सपाट प्रिंटमध्ये येतच नाही. ऊन दोघांनाही नको, मोकुहांगाला तर अजिबातच नको, माउंटही (फ्रेममधला पुठ्ठा) ॲसिड-फ्रीच लावा.

पक्ष्यांच्या प्रिंट्ससाठी प्रसिद्ध जपानी चित्रकार ओहारा कोसोनची (१८७७–१९४५) चित्रं आवडतात पण बजेट कमी आणि भिंत उजेडातली, तर डिजिटल घ्या. रोज जवळ जाऊन बघणार असाल तर पैसे साठवून आजच्या एखाद्या कलाकाराचं छोटंसं, सही केलेलं मोकुहांगाच घ्या.