ड्रिलला लावायचं निबलर, १.८ चा आकडा आणि परत न आलेले पैसे

शिमगा जवळ आला की मराठवाड्यात कूलरची कामं निघतात. तालुक्याच्या गावांत रस्त्याकडेला पत्र्याच्या बॉड्या उभ्या राहतात, शेतावर कडब्याची आणि जनावरांची शेडं दुरुस्तीला येतात, आणि ज्याला त्याला पत्रा कापायचं सोपं साधन हवं असतं. हातकात्रीनं दिवसभर २४ गेज (गेजचा आकडा मोठा तसा पत्रा पातळ) कातरलं की अंगठ्याच्या बुडाशी फोड येतात. ग्राइंडर लावावा तर ठिणग्यांनी कडेचा रंग आणि जस्त जळतं आणि पहिल्या पावसातच तिथं गंज चढतो. अशा वेळी मोबाइलवर दोन तोंडांचं निबलर दिसतं. घरातल्या ड्रिल मशीनला लावा आणि कागद कातरावा तसा पत्रा कातरा, असं सांगणारं.

वस्तू मुळात बोगस नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. चांगलं निबलर पातळ पत्र्याला उत्तम चालतं. फसवणूक तिच्या भोवती आहे.

परभणी भागातल्या एका कूलरवाल्याचं जे झालं ते नमुन्यादाखल घेऊ. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘१.८ एमएमपर्यंत कोणताही पत्रा’. किंमत बाराशेच्या आत, पैसे घरी पार्सल आल्यावर. २४ गेजच्या दोन बॉड्या निघाल्या, माणूस खूश. तिसऱ्या दिवशी त्यानं ते गेटच्या १६ गेजच्या पॅनलला लावलं. वीतभर कापून झाल्यावर पंच, म्हणजे पत्रा तोडणारा आतला खिळा, अडकला, ड्रिलनं मनगटाला हिसका दिला आणि पंचाच्या टोकाचा कपचा उडाला. परत करायचं म्हणून त्यानं इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला, आणि त्या एका फोनवर खात्यातून आणखी अठरा हजार गेले. इथं फसवणुकी दोन आहेत. पहिली ओळखायला पत्र्याची जाण लागते, दुसरी ओळखायला तेवढीही लागत नाही.

आधी पहिली. १.८ हा आकडा ऐकला की आपल्याकडे डोक्यात ‘अठरा’ वाजतं, आणि अठरा म्हटलं की गेज. विकणारा याच गोंधळावर जगतो. १८ गेजचा पत्रा १.२२ मि.मी. असतो, १६ गेजचा १.६३. म्हणजे १.८ मि.मी. हे जवळजवळ १५ गेज झालं. जाहिरातीच्या वर ‘१.८ एमएम’ आणि खाली बारीक अक्षरात ‘१८ गेजपर्यंत’ असं दोन्ही लिहिलेलं असतं. माल चालला तर वरची ओळ खरी, तुटला तर खालची. तक्रार केली की उत्तर तयार, ‘दादा, आम्ही १८ गेजच सांगितलं होतं.’ बाकीचे आकडेही पाठ असू द्या: २० गेज ०.९१, २२ गेज ०.७१, २४ गेज ०.५६, २६ गेज ०.४६ मि.मी. हातात मायक्रोमीटर नसेल तर त्याच पत्र्याच्या दहा पट्ट्या कातरा, कडांची बोच कानशीनं काढा, एकावर एक दाबून धरा आणि पट्टीनं मोजा. पाच मि.मी. भरलं तर पत्रा अर्ध्याचा.

जाडीइतकंच पत्र्याचं बळ महत्त्वाचं, आणि ‘कोणताही’ हा शब्द तिथं खोटा पडतो. चांगल्या कंपनीची स्वतंत्र निबलर मशीन बघा, १.६ मि.मी.च्या मशीनवर एकच आकडा नसतो, तीन असतात. ४०० न्यूटन प्रति चौरस मि.मी. ताणबळाच्या पोलादाला १.६ मि.मी., ६०० च्या पोलादाला १.२, ८०० च्या पोलादाला ०.८. बळ दुप्पट तर जाडी निम्मी. साधा एमएस, म्हणजे मऊ पोलादाचा पत्रा पहिल्या गटात येतो. स्टेनलेस त्याच्या वर जातं आणि कापताना आणखी कडक होत जातं, म्हणून मध्येच थांबून परत सुरू केलं की पंच तिथंच झिजतो. छताचे रंगीत पत्रे पातळ, अर्ध्या मि.मी.च्या आतबाहेर, पण त्यात ५५० मेगापास्कलचा (वरच्या मापानंही ५५०च) कडक ग्रेड सर्रास वापरतात. एक पत्रा कापायला अडचण नाही. जिथं दोन पत्रे एकमेकांवर चढलेत तिथं जाडी दुप्पट होते, मध्ये फट राहते, आणि स्वस्तातला पंच नेमका तिथं जातो. ज्या डब्यावर धातूनिहाय वेगळे आकडे नाहीत, त्यावरचा एकुलता आकडा अल्युमिनियमचा आहे असं धरून चाला.

व्हिडिओत काय असतं तेही बघा. पत्रा पांढुरका चमकतो, हातानं सहज लवतो, निम्म्या वेळा अल्युमिनियम असतो. लोहचुंबक लावून दाखवणारा व्हिडिओ शोधून सापडत नाही. कापण्याची सुरुवात कधीच दाखवत नाहीत आणि कोपऱ्यावर आलं की दृश्य बदलतं. आठवडी बाजारात किंवा कृषी प्रदर्शनात टेबल मांडून बसणाऱ्याचं तंत्र वेगळं: त्याच्या हातातल्या नगाचा पंच नवा, तेलात भिजलेला, आणि कापायला तेलाच्या डब्याचा पत्रा, जो २६ गेजपेक्षाही पातळ असतो. तुम्हाला मिळतो तो सीलबंद डबा. ‘सील तोडलं की परत नाही’ हे तो पैसे घेतल्यावर सांगतो. तुमच्या खिशात तुमच्या कामाच्या पत्र्याचा हातभर तुकडा असू द्या आणि तोच कापून मागा. नाही म्हणाला तर पुढच्या टेबलाकडे चला.

नग हातात आला की आधी त्याच्या डोक्यात, म्हणजे पंच असतो त्या भागात, नीट बघायचं. निबलरचं काम सोपं आहे: ड्रिलच्या फिरण्याला आतला विकेंद्री दांडा वर-खाली करतो, पंच डायमधून, म्हणजे त्याच्या मापाच्या भोकाच्या साच्यातून, पत्र्याचा अर्धचंद्र पाडतो, तसे मिनिटाला हजारो. त्यामुळे सगळी किंमत पंच, डाय आणि दांड्याभोवतीच्या बुशमध्ये (दांड्याला धरणाऱ्या नळीत) असते. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असेल तर एवढ्यावरून नग नाकारू नका, बऱ्यापैकी नगांचीही तशीच असते. पंच मात्र पाणी दिलेला, म्हणजे तापवून कडक केलेला हवा. ॲलन कीनं तो बाहेर काढा आणि बारीक कानस त्याच्या दांडीवर हलकी ओढा, कापणाऱ्या धारेवर नको. कानस घसरली तर पंच पक्का. चावली, पांढरी रेघ उठली, तर पंच कच्चा आहे आणि एमएसवर तो दोन दिवस टिकणार नाही. मग डोकं हातात धरून दांडा बाजूला हलवा. कट-कट खेळत असेल तर पंच डायच्या मध्यात बसणार नाही आणि एका बाजूनं धार खाईल. ग्रीस कोरडं किंवा अजिबात नसणं तर नेहमीचंच.

दोन तोंडं म्हणजे दोन पत्रे एकदम कापणं नव्हे. एक तोंड कामाचं, दुसरं राखीव, जाहिरातीत मात्र ‘डबल स्पीड’ म्हणून खपवतात. डब्यात जादा पंच, डाय, ॲलन की, अडॅप्टर आणि डोक्याच्या बाजूला लागणारी दांडी आहे का ते मोजा. ही दांडी पुष्कळदा गायब असते किंवा प्लॅस्टिकची असते, आणि खरी इजा तिच्यामुळेच होते. पंच अडकला की ड्रिलचा चक (अडॅप्टर धरणारा जबडा) फिरतच राहतो आणि डोकं त्याच्यासोबत फिरायला बघतं. दांडीनं ते अडवायचं असतं. दांडी नसेल तर अडवतं तुमचं मनगट.

विकणाऱ्याची पुढची पळवाट ड्रिलची, आणि इथं तो कधीकधी खराही असतो. या जोडाला मिनिटाला १५०० ते ३००० फेरे लागतात. साधं १० मि.मी.चं वायरचं ड्रिल सुमारे २६०० फिरतं, ते बरोबर. शेतीच्या दुकानांत मिळणारं जड १३ मि.मी.चं ड्रिल बहुतेक ५००–६०० फेऱ्यांचं असतं. त्याला ताकद आहे, वेग नाही, आणि निबलर त्यावर पत्रा कापत नाही, कुरतडतो. छोटं १२ व्होल्टचं बॅटरीचं ड्रिल दुसऱ्या गिअरला कसंबसं दीड हजाराच्या आसपास जातं. हॅमर मोड बंद हवा. तो चालू राहिला तर ठोक्यांनी अडॅप्टरची चावी आणि बुश दोन्ही खलास. आणि आपल्याकडची लाइट. संध्याकाळी मोटारी सुरू असताना व्होल्टेज १८० वर आलं की ड्रिलचा वेग उतरतो, पंच अडकू लागतो, आणि माणूस नगाला दोष देतो. चकच्या तिन्ही भोकांत चावी फिरवून अडॅप्टर घट्ट करा. एकाच भोकात आवळलेला चक निबलरच्या थरथरीनं सुटतो.

आपल्या कामाला निबलरच हवं का, हेही आधी ठरवा, कारण चुकीची वस्तू बरोबर म्हणून गळ्यात मारणं ही फसवणुकीची सगळ्यात सभ्य तऱ्हा आहे. नालीच्या (पन्हळी) पत्र्यावर, वळणावर, मधोमध खिडकी पाडायला निबलर चांगलं: आत शिरायला १० ते १२ मि.मी.चं भोक पाडून घ्यायचं, पंच सुमारे चार-पाच मि.मी. रुंदीची पट्टी खातो म्हणून रेघ सोडून टाकाऊ बाजूनं चालवायचं, आणि रेघेवर तेलाचा पातळ हात फिरवायचा. कूलरच्या बॉडीसारख्या सरळ, सपाट, लांब कापाला मात्र ड्रिलला लावायची कात्री म्हणजे शिअर बरी. ती कुरळी पट्टी काढते, चुरा पाडत नाही, कड साफ येते. फक्त नालीवर ती अडते. दोन्ही कामांना एकच नग विकणारा दोन्हींपैकी एक काम कधी करून पाहिलेला नसतो.

आता पार्सल. पार्सल आल्यावर पैसे द्यायच्या मालात बहुतेक वेळा आधी पैसे, मग उघडणं. जिथं उघडून बघायची सोय निवडता येते तिथं ती निवडाच. नाहीतर उघडण्याआधी व्हिडिओ सुरू करा: खोक्याच्या सहाही बाजू, चिकटपट्टी, लेबलवरचं पाठवणाऱ्याचं नाव, मग एकाच सलग चित्रणात उघडणं. लेबलवरचं वजन तराजूवर ताडून बघा. डब्यावर किंमत, बनवणाऱ्याचा किंवा आयातदाराचा पत्ता, बाहेरचा माल असेल तर देशाचं नाव आणि तक्रारीसाठी फोन छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. यातलं काहीच नसेल तर तक्रार कोणाकडे करायची हाच प्रश्न उरतो, आणि तो प्रश्न त्यांनी मुद्दाम ठेवलेला असतो.

इथून दुसरी फसवणूक सुरू होते. डब्यावर नंबर नाही म्हणून गिऱ्हाईक इंटरनेटवर शोधतं, आणि वर आलेला पहिला नंबर भामट्याचा असतो. तो गोड बोलतो, साहेब म्हणतो, पार्सलचा फोटो मागतो. मग ‘रिफंड पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका’, किंवा ‘हे ॲप घ्या, मी फॉर्म भरून देतो’. त्या ॲपमधून तुमची स्क्रीन त्याला दिसते, आलेला ओटीपीसुद्धा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. पैसे येणार असतील तर तुम्हाला काही स्कॅन करायचं नसतं, काही टाकायचं नसतं. पैसे गेलेच तर लागलीच १९३० वर फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. पुढच्या खात्यातून रक्कम काढली जाण्याआधी ती गोठवता आली तर आली, म्हणून ‘उद्या बँकेत जाऊन बघू’ इथं महाग पडतं.

नगाबद्दलची तक्रार वेगळी ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तरीही दाद नाही मिळाली तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा टाकता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र पार्सल यायच्या आधीच काढून ठेवलेला हवा. तक्रार झाली की पान गायब होतं, किंवा ‘१.८ एमएम’च्या जागी गुपचूप ‘१८ गेज’ बसतं.

ज्यांच्याकडे असा नग पडून आहे त्यांनी तो भंगारात घालायची घाई करू नये. डोकं उघडून जुना चिखल पुसा, थोडं ग्रीस भरा, पंच फिरवून न झिजलेली बाजू पुढं आणता येते का बघा, आणि २४ गेजपेक्षा जाड पत्र्याला लावू नका. दर दोन-तीन फुटांनी हात लावून बघा. हात ठेववत नसेल इतकं डोकं तापलं तर थांबा. काम गोठ्याजवळ चालणार असेल तर खाली जुनी ताडपत्री टाका. निबलरचे ते अर्धचंद्र सुईसारखे टोकदार असतात, चपलेचा तळ भेदतात, आणि कडब्यात मिसळले तर जनावर चावताना वेगळे काढत नाही. गिळलेलं लोखंड पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात बसतं आणि तिथून टोचत हृदयाच्या आवरणापर्यंत जाऊ शकतं. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जमिनीवरून फिरवा. चुरा पिशवीला बाहेरून चिकटतो, पिशवी उलटी केली की आत गोळा होतो. अल्युमिनियमचा चुरा चुंबकाला लागत नाही, तो झाडूनच काढावा लागतो.