पहिली सुशी खायचीये? मग फिरत्या पट्ट्यावरच खा (कुरा सुशी, असाकुसा, टोकियो)

आधीच सांगते, मी मालवणची. मासे आमच्याकडे रोजचं जेवण, त्यामुळे "कच्चा मासा, ईऽऽ" वगैरे नाटकं माझ्याकडून होणार नव्हती, पण कोकम नाही तिरफळ नाही, साधा रवा लावून तव्यावर टाकायचेही कष्ट नाहीत आणि असाच मासा भातावर ठेवून समोर आणायचा, हे काही केल्या डोक्यात बसत नव्हतं. मी आणि आई टोकियोला ताईकडे गेलेलो. ती निशी-कसाईला राहते, तिथे आयटीवाले भारतीय इतके आहेत की हिंग, पोहे, कढीपत्ता सगळं घराजवळ मिळतं आणि मनात आणलं तर जपानी जेवणाला हातही न लावता वर्षं काढता येतात. पण भाचीने फर्मान काढलं, आजीला आणि मावशीला सुशी खायला न्यायचीच. मग वाराचा प्रश्न आला, सोमवार गुरुवार शनिवार आई खात नाही, रविवारी सगळीकडे गर्दी, करत करत बुधवार ठरला.

गेलो कुरा सुशीच्या असाकुसा शाखेत. ही सुशीच्या दुकानांची जपानी चेन, सुशीच्या ताटल्या फिरत्या पट्ट्यावरून टेबलापाशी येतात. सेन्सोजी देवळापासून चालत जाण्यासारखं आहे, रॉक्स नावाच्या बिल्डिंगमध्ये, २०२० मध्ये उघडलेली त्यांची मोठी मानाची शाखा, लाकडी बांधणी, कंदील, एकदम जत्रेचा माहोल. निशी-कसाईहून तोझाई लाइनने निहोम्बाशी आणि तिथून गिन्झा लाइनने असाकुसा, सोपं आहे.

माझं मत आत्ताच देऊन टाकते, ज्यांना पुढचं वाचायचं नाही त्यांच्यासाठी: सुशी पहिल्यांदा खाणाऱ्याने महागड्या काउंटरवर अजिबात जाऊ नये, अशा पट्ट्यावाल्या दुकानातच जावं. नवशिक्यांसाठी म्हणून माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

का, ते ताईच्या पहिल्या सुशीवरून सांगते. ती नवीन नवीन आली तेव्हा ऑफिसच्या साहेबांनी कौतुकाने एका छोट्या काउंटरवाल्या दुकानात नेलं, तिथे काय खायचं ते शेफच ठरवणार, तो समोर उभा राहून एकेक तुकडा हातात दिल्यासारखा देणार आणि तुम्ही तो लगेच खायचा. सुरुवातीलाच आलं उनी, म्हणजे समुद्री साळिंदराच्या आतला पिवळा मऊ भाग. शेफ बघतोय, साहेब बघतायत, नाही म्हणायची सोय नाही, हिने डोळे मिटून चहाच्या घोटाबरोबर गिळलं आणि पुढे कितीतरी महिने सुशी म्हटलं की पोटात ढवळायचं. उनी चांगलंच असतं म्हणे, जाणकार त्याच्यासाठी पैसे मोजतात, पण पोहायला शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी विहिरीत ढकलायचं कशाला.

पट्ट्यावर हे काहीच नाही. टेबलावर टच स्क्रीन, त्यात इंग्रजी भाषा निवडता येते, प्रत्येक पदार्थाचा फोटो, एका ताटलीत बहुतेक वेळा दोनच तुकडे (महागाचा असेल तर एक). नाही आवडलं तर शेजारच्याला द्या, कोणी बघत नाही. साधी ताटली दीडशे येनच्या आसपास धरा, मोठ्या शहरातल्या शाखांमध्ये थोडी जास्त, म्हणजे आपले शंभर रुपयेही नाहीत. एवढ्या पैशात एक प्रयोग फसला तर फसला!

आणि कोणी नाक मुरडून म्हणालं की ही काय खरी सुशी नव्हे, तर त्यांना सांगा की भातावर मासा दाबून दिलेली ही आजची सुशी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोमध्ये, म्हणजे जुन्या टोकियोतच, गाडीवरचं पटकन खायचं खाणं म्हणून वाढली, हानाया योहेई नावाच्या माणसाला तिचं श्रेय देतात. फार पूर्वी मासा भातात महिनोन् महिने आंबवायचे आणि भात चक्क टाकून द्यायचे! फिरता पट्टा ही ओसाकाकडची करामत. योशिआकी शिराइशी नावाच्या दुकानदाराने बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या बघितल्या, त्याच्याकडे माणसांची टंचाई होतीच, १९५८ मध्ये त्याने पट्टा लावून दुकान काढलं आणि १९७० च्या ओसाका एक्स्पोनंतर हे प्रकरण देशभर पोचलं.

कुरामध्ये दोन पट्टे आहेत. खालचा हळू फिरतो, त्यावर ताटल्या पारदर्शक झाकणात असतात, ताटलीची कड वर उचलली की झाकण आपोआप उघडतं, झाकणाला हात लावायचाच नाही. वरचा पट्टा ऑर्डरचा, स्क्रीनवर दाबलं की थोड्या वेळात ताटली सुसाट येऊन बरोब्बर तुमच्या टेबलासमोर थांबते. २०२३ च्या सुरुवातीला दुसऱ्याच एका चेनमध्ये एका पोराने टेबलावरची सोया सॉसची बाटली चाटतानाचा व्हिडिओ जपानभर गाजला, त्यानंतर बऱ्याच ठिकाणी उघड्या ताटल्या फिरवणं बंद झालं आणि फक्त ऑर्डरवर द्यायला लागले. इथे झाकणं आधीपासूनच होती, म्हणून फिरता पट्टा बघायची हौस असेल तर इथेच या.

आता खाण्याचं. सुरुवात शिजवलेल्यापासून करा, हे मी दहा वेळा सांगेन. एबी म्हणजे उकडलेली कोळंबी. तामागो म्हणजे अंड्याची गोडसर जाड वडी, लहान मुलं हमखास खातात. उनागी म्हणजे गोड्या पाण्यातली वाम, गोड दाट सॉस लावून भाजलेली, ही आईला इतकी आवडली की तिने स्क्रीन स्वतःकडे ओढून घेतली. यात कच्चं काही नाही, आणि तेवढ्यात जिभेला त्या भाताची ओळख होते. सगळ्यांचं लक्ष माशाकडे असतं पण पहिला घास टाकल्यावर जे जाणवतं ते भाताचं असतं: व्हिनेगर, साखर, मीठ घातलेला, किंचित आंबटगोड, कोमट. चेनमध्ये भाताचे ते लांबुळके गोळे मशीन करतं (असं मशीन १९८१ पासून आहे), तरी तोंडात टाकल्यावर दाणे सुटे होतात, लगदा होत नाही. भारतात मैत्रिणीने एका मॉलमध्ये खाल्लेली सुशी फ्रीजमधून काढल्यासारखी गार आणि भात टणक होता, तिचं मन कायमचं उडालं ते बहुधा तिथेच.

मग सॅमन. कच्च्यातली पहिली पायरी हीच. वास जवळपास नाही, चरबी भरपूर, चावायला मऊ. गंमत म्हणजे जपानात सॅमनची सुशी जुनी नाहीच, त्यांच्या समुद्रातल्या सॅमनमध्ये परजीवी अळ्या असतात म्हणून तो शिजवूनच खायचे. १९८० च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी त्यांचा पाळलेला सॅमन कच्चा खायला घाला म्हणून जपान्यांच्या मागे लागून लागून तो खपवला आणि आता पोराटोरांचा सगळ्यात लाडका तोच. भाची तर दुसरं काही घ्यायलाच तयार नव्हती.

सॅमन जमला तर मागुरो, म्हणजे आपला कुपा म्हणतो त्या घराण्यातला ट्युना. त्याचा लाल भाग, आकामी, पिकल्या पपईच्या फोडीसारखा मऊ आणि पाणीदार लागतो, चव हलकी लोखंडी. पोटाकडचा चरबीवाला तोरो महाग, पण लाल भाग आधी खाल्ल्याशिवाय त्याच्यातला फरक कळत नाही. माकूल आणि ऑक्टोपस मला नाही झेपले, चव चांगली आहे पण चावत बसावं लागतं.

आणि मग आला बांगडा! म्हणजे साबा, त्याच्याच घराण्यातला, मीठ आणि व्हिनेगर लावून मुरवलेला, कातडीसकट. ताटली समोर आली तशी आईने चष्मा वर केला, पाठीवरच्या त्या निळ्या-काळ्या नागमोडी रेषा, चकाकती चंदेरी कड, वर चिमूटभर किसलेलं आलं आणि पातीचा कांदा. "अगो, ह्यो तर बांगडोच!" मग तुकडा चॉपस्टिकने आडवा करून पोटाकडचा की शेपटीकडचा ते बघितलं, कल्ले न बघता मासा ताजा आहे हे कळणार कसं असं मला मराठीत आणि वेटरला हातवारे करून विचारलं (तो बिचारा वाकून वाकून "हाय हाय", म्हणजे हो हो, म्हणत राहिला) आणि मग खाल्ला. मी तिच्या तोंडाकडे बघतेय. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली आंबट बरोबर लागलंय, पण मिरची हवी होती. आमच्या घरात यापेक्षा मोठी पावती कोणाला मिळत नाही. मला स्वतःला दिवसभरात सगळ्यात जास्त आवडलं ते हेच, सॅमनपेक्षाही. कोकणातल्यांनी हा चुकवू नका, बाकीच्यांनी अगदी शेवटी घ्या, वास आहे.

यावरून एक महत्त्वाचं. हे बघून मालवणला किंवा भाऊच्या धक्क्यावर मासे घेऊन घरी कच्चं खाण्याचे प्रयोग करू नका. कच्चा खायचा मासा वेगळ्या पद्धतीने हाताळलेला असतो, अनिसाकिस नावाच्या अळीसाठी जपानात उणे २० अंशांवर निदान २४ तास गोठवायला सांगतात. व्हिनेगर, मीठ किंवा वसाबीने (सुशीबरोबरची हिरवी झणझणीत चटणी) ती मरत नाही. आपला बाजारातला मासा कितीही फडफडीत असला तरी तो शिजवण्यासाठी आणलेला असतो. आणि गरोदर बायकांनी कच्चं टाळावं, शिजवलेलं पुष्कळ आहे.

वसाबी इथे सुशीत घातलेली नसते, वेगळी पुडी मिळते, हे नवख्यांसाठी फारच बरं. थोडीच लावा, ती मिरचीसारखी जिभेवर नाही तर नाकात चढते आणि अर्ध्या मिनिटात उतरते. चेनमध्ये मिळते ती बरीचशी हॉर्सरॅडिश नावाच्या दुसऱ्याच तिखट मुळाची असते, अस्सल वसाबी वाहत्या गार पाण्यात वाढते आणि फार महाग. टेबलावर डब्यात हिरवी पूड दिसेल ती वसाबी नाही, चहा आहे! कपात थोडी टाकायची आणि टेबलालाच असलेल्या नळाखाली कप दाबून धरायचा. त्या नळाला कडकडीत गरम पाणी येतं, हात धुवायला बेसिन समजून हात घालू नका, लहान मुलं असतील तर त्यांना नळापासून लांबच बसवा.

सोया सॉस माशाच्या बाजूला लावायचा, भाताच्या नाही, भात बुडवला की सुटतो आणि नुसतं खारट लागतं. चॉपस्टिक जमत नसतील तर सरळ हाताने खा, चालतं. गुलाबीसर आल्याच्या चकत्या दोन ताटल्यांच्या मध्ये खायच्या, तोंड साफ होतं. आईने त्या लोणचं समजून डबाभर संपवल्या, फुकट असतात त्यामुळे हरकत नाही.

शाकाहारी लोकांसाठी मात्र जरा अवघड आहे. आमचे भावोजी पक्के शाकाहारी, त्यांनी काकडीचे रोल घेतले, नात्तो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे घेतले (वास उग्र, तारा सुटतात, पण ते आवडीने खातात), बटाट्याचे फ्राइज आणि शेवटी आइस्क्रीम. तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी दिसायला शाकाहारी, पण ती पिशवी बहुतेक वेळा दाशी नावाच्या रश्शात शिजवतात आणि दाशीत सुक्या माशाचा अर्क असतो. मिसो सूप, उदोन नूडल्सचा रस्सा, अंड्याची वडी, सगळीकडे तेच. थोडंफार चालवून घेणाऱ्याला अडचण नाही, कडक पाळणाऱ्याने घरून जेवून यावं आणि बाकीच्यांची मजा बघावी.

मजा आहेच. रिकाम्या ताटल्या टेबलाच्याच फटीत टाकायच्या, स्क्रीन मोजते, आणि दर पाच ताटल्यांना स्क्रीनवर एक छोटा खेळ लागतो, जिंकलात तर वरच्या मशीनमधून खेळणं असलेला गोळा पडतो. भाचीने यापायी सगळ्यांना वेठीला धरलं, चार झाल्या की "आजी अजून एकच घे ना" सुरू. धंद्याची अक्कल बघा, पोरं तुमच्याकडून आपोआप जास्त खाऊन घेतात. बिलही ताटल्या मोजूनच होतं, उगाच हिशोब करत बसायला नको.

अर्धा स्टार कापला तो अशा सगळ्याच दुकानांच्या स्वभावासाठी. गोंगाट असतो, शांतपणे गप्पा मारत बसायची ही जागा नाही, आणि माशाचा तुकडा पातळ असतो, त्या किमतीत तो जाड येणारही नाही. सुशीची चटक लागलेल्यांना पुढे काउंटरवर जावंसं वाटेल ते यामुळेच. ताई आता आपणहून जाते, उनीसुद्धा खाते.

जाणार असाल तर दुपारी दोननंतर जा किंवा त्यांच्या ॲपवर आधी नंबर लावा, संध्याकाळी सहानंतर पर्यटक आणि ऑफिस सुटलेले लोक एकदमच येतात. मोठं कुटुंब असेल तर सोफ्याचं टेबल मागा, आणि पट्ट्याच्या बाजूला त्यालाच बसवा ज्याला सगळ्यांच्या ताटल्या उतरवून द्यायचा कंटाळा नाही.