पायपिंगच्या ताणाचे गणित हाताने शिकवणारा जळगावचा वर्ग

जळगावच्या एमआयडीसी परिसरात शनिवार-रविवारी भरणारा पायपिंग फ्लेक्सिबिलिटी आणि स्ट्रेस ॲनॅलिसिसचा, म्हणजे तापून वाढणाऱ्या पाइपांची लवचिकता आणि त्यांतला ताण मोजण्याचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. साखर कारखाने, तेलगिरण्या, दूधप्रक्रिया केंद्रे किंवा दीपनगरसारखे औष्णिक वीजकेंद्र, जिथे वाफेच्या लाइनी सांभाळाव्या लागतात तिथल्या खानदेशी अभियंत्यांनी आणि जुन्या फिटरांनी तो अवश्य करावा. सीझर-टू हे ताण मोजण्याचे सॉफ्टवेअर उघडण्याआधी नुसता नकाशा पाहून लाइन कुठे अडणार हे ओळखण्याची सवय येथे लावली जाते.

कार्बन स्टीलचा पाइप १०० अंशांनी तापला की दर मीटरला सुमारे १.२ मिलिमीटर वाढतो. शिक्षकांनी एवढ्याच आकड्यावरून फळ्यावर उदाहरण सोडवले. ३० वरून २३० अंशांपर्यंत तापणारी २० मीटरची चार इंची लाइन सुमारे ४८ मिलिमीटर वाढते. ही वाढ एल्बोपुढच्या (पाइपच्या वळणापुढच्या) काटकोनातील भागाने वाकून सामावून घ्यायची आणि ताण १३८ मेगापास्कलच्या आत ठेवायचा, तर गाइडेड कँटिलिव्हर पद्धतीने (एक टोक पक्के आणि दुसरे न फिरता बाजूला सरकते असे धरून) त्या भागाची लांबी जवळपास ४.९ मीटर येते. या सूत्रात पाइपच्या भिंतीची जाडी कुठेच नाही, आणि मला हाच या वर्गाचा सर्वांत मोलाचा धडा वाटतो. जाड पाइप टाकला की काळजी मिटली, असे अनेक कारखान्यांत मानले जाते. प्रत्यक्षात जाडीमुळे दाबाचा ताण घटतो, मात्र प्रसरणाचा ताण जवळपास तेवढाच राहतो आणि अँकरवर (पाइप जखडणाऱ्या आधारावर), पंपाच्या नोझलवर (पाइप जोडायच्या तोंडावर) पडणारा जोर उलट वाढतो.

सोप्या पद्धतीच्या मर्यादाही लपवल्या जात नाहीत. एएसएमई बी ३१.३ या पायपिंगच्या अमेरिकी संहितेतील झटपट तपासणीचे सूत्र एकाच व्यासाच्या, दोनच टोकांना जखडलेल्या आणि मध्ये कुठेही न अडवलेल्या लाइनीपुरते आहे. असमान पायांच्या यू-आकारात किंवा जवळजवळ सरळ, करवतीच्या दात्यांसारख्या मांडणीत त्यावर विसंबू नये, हे आकृत्या काढून समजावले.

उणिवा दोन. नोझलवरील भारांचा विषय घाईत उरकला जातो. दुसरी उणीव अधिक खटकते: प्लास्टिक पाइपसाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगावात पीव्हीसीच्या प्रसरणावर एकही उदाहरण नाही. पीव्हीसी पोलादाच्या पाचपट किंवा त्याहूनही अधिक वाढते आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात उघड्यावरची रिकामी लाइनही चांगलीच तापते, त्यामुळे हा भाग पुढच्या तुकडीपासून घ्यावा, अशी विनंती मी आयोजकांना लेखी केली आहे.

टिपणे इंग्रजीत असली तरी शिकवणे संपूर्ण मराठीत आहे. जाताना साधा कॅल्क्युलेटर आणि स्वतःच्या कारखान्यातील एखाद्या लाइनीचे आयसोमेट्रिक (तिन्ही दिशा दाखवणारे रेखाचित्र) सोबत न्यावे. शेवटच्या सत्रात ते तपासून देतात.