बारा फूट आठ इंचांचा बोगदा आणि गार्मिन आरव्ही ८९०

आरव्ही म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी, तिच्या पहिल्या सहलीपूर्वी वेगळे जीपीएस उपकरण विकत घ्यावे असे मला वाटले नव्हते, कारण रस्ता दाखवायला फोन पुरेसा आहे असे मी धरूनच चाललो होतो. भाड्याने घेतलेले पंचवीस फुटी मोटरहोम घेऊन आम्ही न्यू जर्सीहून बेअर माउंटनला निघालो आणि फोनवरच्या नकाशाने आम्हाला थेट पॅलिसेड्स पार्कवेच्या तोंडाशी आणून सोडले. हा रस्ता फक्त प्रवासी मोटारींसाठी असल्याची पाटी दिसली तेव्हा मागे गाड्यांची रांग लागलेली होती, वळायला जागा नव्हती, आणि भारतातून आलेली आई मागच्या सीटवर रामरक्षा म्हणू लागली होती. पोलिसाने रहदारी थांबवून आम्हाला मागे घेतले. न्यूयॉर्कच्या परिसरातील पार्कवेंवर दहा फुटांहूनही कमी उंचीचे पूल आहेत हे मी घरी परतल्यावर वाचले आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

फोनवरचे नेहमीचे नकाशे मोटारीसाठी बनवलेले असतात. गाडी किती उंच आहे, किती जड आहे, तिच्यात गॅसची टाकी आहे की नाही, हे ते विचारतच नाहीत. आरव्हीसाठी बनवलेले उपकरण सुरुवातीलाच हे सगळे विचारते, आणि माझ्या मते त्याची खरी किंमत तेवढ्यातच आहे. मी घेतलेले गार्मिन आरव्ही ८९० बाजारात आले तेव्हा त्याची किंमत सुमारे ७०० डॉलर होती. आठ इंची पडदा आडवा किंवा उभा लावता येतो, नकाशे वायफायवरून अद्ययावत होतात आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. पण पडद्याचा आकार पाहून हे उपकरण निवडू नये. निवडायचे ते त्यातल्या गाडीच्या नोंदीसाठी. उंची, रुंदी, लांबी, वजन, गाडीचा प्रकार आणि प्रोपेन म्हणजे स्वयंपाकाचा गॅस आहे की नाही, एवढी माहिती भरल्यावर ते त्या गाडीला चालेल असाच रस्ता शोधते आणि तीव्र उतार, अवघड वळण किंवा वजनाची मर्यादा जवळ आली की आधी सूचना देते.

ही माहिती भरताना मात्र गाडीच्या कागदपत्रांवर विसंबू नये. दुसऱ्या सहलीत भाड्याच्या गाडीच्या कागदावर उंची ११ फूट २ इंच लिहिली होती. मी आणि बाबांनी अंगणात शिडी लावली, छपरावरच्या एसीच्या माथ्यावर सपाट फळी ठेवली आणि तिच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडला, तर माप ११ फूट ९ इंच भरले. कागद लिहिणाऱ्याने एसी धरलाच नव्हता. वर तीन इंचांची सूट ठेवून मी उपकरणात १२ फूट भरले. ज्या उपकरणाला चुकीची उंची सांगितली आहे ते उपकरण नसल्यापेक्षा जास्त घातक असते, कारण तेव्हा माणूस पाट्या वाचायचे सोडून देतो.

त्या सहलीत आम्हाला आधी ॲनापोलिसला ताईकडे आणि तिथून व्हर्जिनियातल्या शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानात जायचे होते. ताईकडे मोटारीने जाताना आम्ही नेहमी बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यातून जातो. या वेळी उपकरणाने बोगदा टाळून आय-६९५ या शहराभोवतीच्या महामार्गाचा पश्चिमेकडचा वळसा दाखवला आणि बाबांना वाटले की यंत्र चुकले. ते चुकले नव्हते. बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांतून दहा पौंडांपेक्षा मोठी प्रोपेनची टाकी नेता येत नाही, आणि मोटरहोमची टाकी त्याहून बरीच मोठी असते. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात, पण २६ मार्च २०२४ च्या पहाटे मालवाहू जहाज धडकून तो पूल कोसळला आणि तो मार्गच संपला. जुने उपकरण स्वस्तात घेऊन नकाशे न बदलणाऱ्यांनी हे एक उदाहरण तरी ध्यानात ठेवावे.

शेनांडोआतला स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता १०५ मैलांचा आहे, वेगमर्यादा ताशी ३५ मैल, आणि बत्तिसाव्या मैलाजवळ डोंगराच्या पोटातून जाणारा मेरीज रॉक बोगदा लागतो, ज्याची उंची १२ फूट ८ इंच आहे. फ्रंट रॉयलच्या फाटकातून शिरून बिग मेडोजच्या मुक्कामाच्या तळावर पोहोचायचे तर तो ओलांडावाच लागतो. उपकरणाने हा मार्ग नाकारला नाही. तरीही तोंडाशी आल्यावर काळा कातळ छपरावर येतोय असे वाटले, मी वेग दहापर्यंत आणला आणि बाबा खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहत राहिले. पलीकडे ऊन दिसल्यावर गाडीतल्या कोणीही काही क्षण बोलले नाही. स्वतः टेप लावलेला असल्यामुळेच मी तिथे गाडी पुढे घालू शकलो.

ट्रकसाठीची जीपीएस उपकरणेही उंची आणि वजन विचारतात, म्हणून तेच घ्यावे असा सल्ला मला दोघांनी दिला होता. तो मला पटत नाही. राष्ट्रीय उद्यानांतल्या बहुतेक रस्त्यांवर व्यापारी वाहनांना मज्जाव असतो, पण आरव्हीला नसतो, आणि आपल्याला तर नेमके तिथेच जायचे असते. उलट काही रस्ते ट्रकच काय, आरव्हीलाही बंद आहेत. मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर उद्यानातील गोइंग-टु-द-सन रोडच्या मधल्या टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा आरशांसकट ८ फुटांहून रुंद गाडी नेता येत नाही. म्हणून लांबी मागच्या बंपरपर्यंत आणि रुंदी आरशांपर्यंत मोजावी, आणि उद्यानाचे नियम निघण्यापूर्वी वेगळे वाचावेत.

तळांची आणि उद्यानांची यादी उपकरणातच असते, ती बरी आहे. मला त्याहून उपयोगी वाटली ती वायफायवरून उतरवता येणारी उपग्रहचित्रे, कारण अंधारात पोहोचण्यापूर्वी तळाचे फाटक कुठे आहे आणि आत वळायला जागा किती आहे हे त्यांत दिसते. रहदारीची ताजी माहिती हवी असेल तर उपकरण फोनला जोडावे लागते, आणि बॅटरी फार तर दोन तास पुरते, त्यामुळे १२ व्होल्टची वायर लावूनच ठेवावी. कॅलिफोर्नियात काचेवर उपकरण लावायला चालकाच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात पाच इंचांच्या आणि दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्यात सात इंचांच्या चौकोनाची मर्यादा आहे, म्हणून आठ इंची उपकरण डॅशबोर्डवरच बसवावे.

वर्षातून एकदा चार दिवस गाडी भाड्याने घेणाऱ्याने एवढा खर्च करू नये. त्याला गाडीची मापे विचारणारे फोनवरचे वर्गणीचे ॲप पुरे आहे, मात्र नकाशा आधी उतरवून घ्यावा, कारण डोंगरात फोनला रेंज नसते. ज्यांची स्वतःची गाडी आहे, किंवा जे दर उन्हाळ्यात आई-वडिलांना घेऊन दोन-तीन आठवडे निघतात, त्यांनी हे उपकरण जरूर घ्यावे. घेतल्यावर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी घरात बसूनच एक परीक्षा करावी. परिचयाचा एखादा बुटका पूल किंवा बोगदा वाटेत येईल असा प्रवास टाकावा आणि आधी मोटारीची नोंद, मग आपल्या आरव्हीची नोंद निवडावी. मी फिलाडेल्फियाहून ताईच्या घराचा पत्ता टाकला होता. आरव्ही निवडताच पडद्यावरची जांभळी रेघ बोगद्यातून निघाली आणि शहराला पश्चिमेकडून वळसा घालून ॲनापोलिसला गेली.