जुन्या गाडीचा कॅट: काढायचा, पोकळ करायचा की नवा टाकायचा?

माझी बलेनो २००४ची, म्हणजे जुनी डिकीवाली. सोळाशे सीसी, कागदावर ९४ घोडे. गेल्या पाच वर्षांत या गाडीखाली तीन गोष्टी बसल्या. आधी कंपनीचा मूळ कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेत बसून विषारी वायू जाळणारा डबा), तो मरणपंथाला लागलेला. मग चौदा महिने त्याच्या जागी नुसता सरळ पाइप, आणि त्यानंतर आजतागायत धातूच्या जाळीचा हाय-फ्लो कॅट. चौथा प्रकार, म्हणजे मूळ कॅट आतून फोडून पोकळ करणं, मित्राच्या एस्टीममध्ये जवळून पाहिला. पुढे जे लिहितोय ते एवढ्याच शिदोरीवर. डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या मशीनवर, गाडी कधी चढवली नाही. माझं मोजमाप म्हणजे पुणे-सातारा रस्ता आणि खंबाटकीचा घाट.

आधी एक कबुली देतो. सरळ पाइप टाकल्यावर पहिल्या आठवड्यात मी भेटेल त्याला सांगत होतो, "कॅट काढ, गाडी सुटते बघ." गाडी खरंच सुटली होती. आधी खंबाटकीत तिसऱ्या गिअरला साडेतीन हजार आरपीएमच्या वर जीव जायचा, तिथे ती पाच हजारांपर्यंत हसत जायला लागली. पण मी तुलना कशाशी करत होतो? त्याआधी दोन महिने एक प्लग मधूनमधून मिस करत होता आणि मी "बघू पुढच्या सर्व्हिसिंगला" म्हणत तशीच हाकत होतो. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथे जळत राहिलं आणि आतली चिनीमातीची जाळी वितळून अर्धी बंद झाली. चूक सर्वस्वी माझी. म्हणजे मी जो 'पिकअप वाढला' म्हणून मिरवत होतो, तो बोळा काढल्यावर नाकाने श्वास यावा तसा होता. कॅट काढल्याने गाडी बदलली असं छातीठोक सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गोष्ट हीच असावी असा माझा संशय आहे.

म्हणून निर्णय घेण्याआधी एक तपासणी करून घ्या. कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावतात. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) साधारण सव्वा पीएसआयच्या आत आणि अडीच हजार आरपीएमवर तीनच्या आत काटा राहिला, तर तुमचा कॅट मोकळा आहे. मग काढून हाती फार काही लागणार नाही. तीनच्या वर गेला तर कॅट बदलायचाच आहे, आणि त्याच्या जागी काय टाकायचं एवढाच प्रश्न उरतो.

पोकळ करण्याबद्दल फार लिहीत नाही. बाहेरून डबा जागेवर दिसतो, तपासणीत कोणी वाकून पाहिलं तरी शंका येत नाही, आणि लोक ते करतात ते नेमकं त्याचसाठी. पण अरुंद पाइपातून वेगाने आलेला वायू रिकाम्या डब्यात पसरतो, घुटमळतो आणि पुन्हा अरुंद पाइपात शिरतो. मित्राच्या एस्टीमचा खालचा दम गेला आणि वर पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत असा आवाज आला तो वेगळाच. शिवाय पीयूसीचं मशीन डबा बघत नाही, वायू बघतं.

सरळ पाइपाचं मात्र मी मन लावून कौतुक करू शकतो. मजुरी-मटेरियल धरून अठराशे रुपयांत काम झालं. आमच्या पिढीच्या गाड्यांत कॅटच्या मागे दुसरा सेन्सर नाही, त्यामुळे नव्या गाड्यांसारखा डॅशबोर्डवर दिवा पेटत नाही. आणि आवाज! साताऱ्याहून येताना खंबाटकीच्या बोगद्यात काच खाली करून दुसऱ्या गिअरला टाकायची, बस. खालच्या आरपीएमला किंचित मऊ वाटायची, पण तो दोष कॅट नसण्याचा नव्हता. गॅरेजवाल्याने हौसेने जाड पाइप वापरला होता. पाइप जाड झाला की वायूचा वेग मंदावतो आणि शहरातल्या चालीत ते जाणवतं. टाकायचाच असेल तर मूळ मापाचा टाका.

कायद्याचं एका परिच्छेदात उरकतो, कारण ते सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे विसरतात. कॅट काढून रस्त्यावर गाडी चालवणं बेकायदा आहे. प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बीएस-२ (भारत स्टेज-२, माझ्या गाडीच्या काळातला प्रदूषणाचा निकष) पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड (सीओ) ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमची मर्यादा आहे. सरळ पाइपावर माझी गाडी हायड्रोकार्बनमध्ये आरामात बसली, पण सीओ १.१ आला. "नळी थोडी बाहेर ओढू का?" असं पीयूसीवाल्याकडून विचारण्यात आलं, म्हणजे मशीनची नळी एक्झॉस्टमध्ये अर्धवट ठेवून आकडा कमी दाखवायचा. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी असते, तेव्हाही हेच नाटक. १९९५च्या एप्रिलपूर्वीची कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर हा सगळा लेख तुमच्यासाठी नाही, तिला बहुधा कॅट नव्हताच.

तरीही खरं सांगायचं तर पाइप उतरवला तो कायद्याच्या भीतीने नव्हे. वासाने.

पहिले काही दिवस वाटलं, नवीन वेल्डिंगचा असेल. मग वाटलं, पेट्रोल गळतंय. दोनदा गाडी लिफ्टवर चढवली, थेंब नाही. वास उघड्या काचेने फिरताना यायचा, सिग्नलला थांबल्यावर वाढायचा, आणि कात्रजच्या चढावर रांगेत अडकलो की डोळे चुरचुरायचे. गंमत म्हणजे पुढे बसणाऱ्याला कमी आणि मागे बसणाऱ्याला जास्त. कारण नंतर कळलं. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, काच उघडी असली की आतली हवा बाहेर खेचली जाते आणि तिच्या जागी डिकीच्या फटींतून एक्झॉस्ट आत येतो. वीस वर्षांच्या गाडीला फटींची काय वाण! मी डिकीचं बीडिंग बदललं, टेललॅम्पची गॅस्केटं बदलली, बुडाच्या रबरी बुचांना सीलंट भरलं, शेपटीचा पाइप दोन इंच बाहेर वाढवला. दर वेळी आठवडाभर वाटायचं की गेला वास. मग कुठल्या तरी सिग्नलला तो परत हजर.

महिन्यातून दोनदा आईला साताऱ्याला नेतो. ती मागे बसते. तक्रार करणारी बाई नाही, पण एकदा घरी पोचल्यावर म्हणाली, "अरे, तुझ्या गाडीतून आलं की माझ्या पातळाला गॅरेजचा वास येतो. धुतल्याशिवाय जात नाही." त्या दिवशी मला वाईट वाटलं ते पातळाचं. पुढची गोष्ट रात्री डोक्यात आली. जो वास येतो तो न जळलेल्या हायड्रोकार्बनचा. त्याच्याबरोबर जो कार्बन मोनॉक्साइड येतो त्याला वासच नसतो. कॅट या दोघांनाही जाळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करत होता, आणि मी अठराशे रुपये देऊन ते काम बंद पाडलं होतं. पीयूसीच्या चिठ्ठीवरचा १.१ त्या रात्री वेगळा दिसला.

मग धातूच्या जाळीचा कॅट घेतला. नाना पेठेत दोन दुकानं फिरलो, बसवून साडेचौदा हजार झाले. पाइपाच्या आठपट, हे नाकारत नाही. मूळ कॅटपेक्षा जाळीची छिद्रं मोठी असतात म्हणून वायूला अडथळा कमी होतो. चार हजार आरपीएमच्या खाली सरळ पाइप आणि हा यांत मला फरक सांगता येत नाही. पाच हजारांच्या वर पाइप कदाचित किंचित मोकळा होता. 'कदाचित' मुद्दाम म्हणतोय, कारण आवाज मोठा असला की गाडी वेगात आहे असं कानांना वाटतं. पुढच्या पीयूसीला सीओ ०.१च्या आसपास आला, नळी पूर्ण आत असताना. वास पहिल्याच दिवशी गेला. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटं येतो, कारण कॅट अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही.

घेताना टॉर्च मारून आत बघा. जाळी घट्ट आणि एकसारखी दिसली पाहिजे. नुसता चकचकीत डबा विकणारेही आहेत. प्लग, कॉइल आणि ऑक्सिजन सेन्सर आधी ठीक करून घ्या, नाहीतर नवा कॅटही माझ्या जुन्याच्या वाटेने जाईल. इंजिन ऑइल पीत असेल तर आधी ते बघा. आणि "जुना कॅट ठेवून जा, मजुरी नको" असं कोणी मोठ्या मनाने म्हणालं तर मजुरी द्या आणि कॅट घरी आणा. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि त्याला भंगारात भाव आहे. माझा पहिला कॅट मी असाच देऊन बसलो.

गाडी ट्रेलरवरून कोइमतूर किंवा चेन्नईच्या रेस ट्रॅकवर न्यायची असेल, मागची सीट काढून टाकली असेल, तर तुमचा हिशोब वेगळा, पाइप टाका. मागच्या सीटवर कोणी बसत असेल तर मी चौदा हजार साठेपर्यंत थांबेन.

बोगद्यात काच अजूनही खाली करतो, सवयीने. ऐकायला आता मागच्या ट्रकचा हॉर्न तेवढा येतो.